लंडनचे मुक्तद्वार

आपल्याकडे एखाद्या सत्पुरुषाच्या पुण्यतिथीला ‘आज मुक्तद्वार आहे’ असे गावात सांगितले, की येणाऱ्याची ऐपत कोणी विचारीत नाही. जो येईल त्याच्यापुढे पान मांडले जाते. ब्लूम्सबरीतल्या ब्रिटिश म्यूझियमच्या दक्षिणेकडील रुंद पायऱ्या मी प्रथम चढलो, त्या सकाळी हाच शब्द माझ्या मनात आला. खिशात मोजके पौंड होते, खांद्यावरच्या पिशवीत मुक्कामाच्या ठिकाणी भल्या पहाटे लाटून घेतलेल्या पोळ्यांचा डबा होता, आणि एवढ्या प्रचंड स्तंभांच्या इमारतीत शिरायचे म्हणजे कुठे तरी तिकिटाची खिडकी असणारच, ही धास्ती होती. खिडकी आढळली नाही. पहारेकऱ्याने पिशवी उघडून पाहिली, डब्याचे झाकण लावून परत दिली आणि आत जाण्याची खूण केली. आत एक उंच, पारदर्शक दानपेटी उभी होती. तीत नाना देशांच्या नोटा पडल्या होत्या. परंतु जो काही न टाकता पुढे गेला, त्याच्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

लंडनमध्ये बेताच्या ऐपतीच्या प्रवाशाला निवाऱ्याचे पैसे मोजताना घाम फुटतो, आगगाडीचे भाडे मनात रुपयांत करून पाहिले तर पायी चालणे बरे वाटते, आणि चहाचा एक पेलासुद्धा विचार करून घ्यावा लागतो. अशा नगरात ब्रिटिश म्यूझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, नॅचरल हिस्टरी, सायन्स म्यूझियम, टेट या संस्थांच्या कायम संग्रहांना मात्र दाम पडत नाही. ही परदेशस्थाला दिसणारी सहजता फार महागात पडलेली आहे. अडीचशे वर्षे त्या दरवाजावर वाद झाले, अर्ज झाले, पार्लमेंटात ठराव झाले, दरवाजा किलकिला झाला, लोटला गेला, पुन्हा उघडला; आणि त्या इतिहासात मला जेवढा रस वाटला तेवढा आतल्या कित्येक राजमुकुटांतही वाटला नाही.

या कथेचा आरंभ एका वैद्याच्या मृत्युपत्रापासून होतो. सर हॅन्स स्लोन हा आयर्लंडात जन्मलेला, लंडनमध्ये नावारूपाला आलेला वैद्य. तरुणपणी तो जमेकाला गेला, तिथून वनस्पतींचे शेकडो नमुने घेऊन परतला, आणि पुढे आयुष्यभर पुस्तके, नाणी, शंख, हस्तलिखिते, रत्ने, औषधी यांचा संग्रह करीत राहिला. या संग्रहाला जो पैसा लागला त्यातला मोठा भाग त्याच्या पत्नीकडून आलेल्या जमेकातील उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा होता, हेही याच ठिकाणी नमूद केले पाहिजे. ११ जानेवारी १७५३ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी तो वारला तेव्हा संग्रहात सुमारे ७१ हजार वस्तू होत्या. त्याच्या इच्छेप्रमाणे त्या राष्ट्राला द्यावयाच्या होत्या. अट एवढीच, की त्याच्या मुलींना २० हजार पौंड मिळावेत. मालाच्या खऱ्या मोलाच्या मानाने ही रक्कम अल्प होती. तरीही सरकारी खजिन्यातून ती काढण्याची कोणाची तयारी नव्हती.

मग तोड निघाली ती सोडतीची. १७५३ च्या कायद्यान्वये सार्वजनिक लॉटरी काढण्यात आली: तीन पौंडांचे एक, अशी एक लाख तिकिटे, जमा तीन लाख, त्यांपैकी दोन लाख बक्षिसांत वाटायचे आणि उरलेल्यातून खर्च वजा जाता जे राहील ते म्यूझियमला. तिकिटांच्या विक्रीत अफरातफर झाली, साठेबाजी झाली, एका अधिकाऱ्यावर खटला होऊन त्याला हजार पौंड दंडही झाला. पण सगळा जमाखर्च होऊन विश्वस्तांच्या हाती सुमारे ९५ हजार पौंड आले. त्यातून स्लोनच्या मुलींची रक्कम फेडली, हार्ली घराण्याची हस्तलिखिते १० हजारांना घेतली, आणि माँटेग्यू हाउस हा जुना वाडा १० हजार २५० पौंडांना खरेदी केला. तीन पौंड ही त्या काळी साध्या मजुराची कित्येक आठवड्यांची मिळकत होती. या संस्थेची पहिली वीट राजाच्या खजिन्यातून आली नाही, ती नशीब अजमावणाऱ्या हजारो लोकांच्या गाठीच्या पैशांतून आली. म्हणून पुढे जेव्हा जेव्हा ‘लोकांना आत घ्यावे काय’ असा प्रश्न निघाला तेव्हा मला वाटते की तो प्रश्न मुळातच उलटा विचारला जात होता.

कायद्यात मुक्त प्रवेशाची तरतूद होती. १५ जानेवारी १७५९ रोजी दरवाजे उघडले तेव्हा दाम नव्हता. मात्र दामावाचूनही माणसाला दूर ठेवता येते, हे त्या वेळच्या नियमांवरून स्पष्ट दिसते. इच्छुकाने प्रथम देवडीवर जाऊन दरवानाच्या वहीत आपले नाव, हुद्दा व पत्ता लिहावा. ती वही ग्रंथपालाकडे जावी. त्याच्या मंजुरीनंतर अर्जदाराने पुन्हा येऊन तिकीट न्यावे. आणि नेमल्या दिवशी, नेमल्या तासाला, इतर मोजक्या मंडळींबरोबर एका अधिकाऱ्यामागून फिरावे. ज्याचा दिवस कारखान्याच्या किंवा दुकानाच्या घंटेशी बांधलेला, त्याने एका दर्शनासाठी तीन खेपा कशा घालाव्यात? हुद्द्याच्या रकान्यात त्याने लिहावे तरी काय?

याचा जिवंत दाखला विल्यम हटन या बर्मिंगहॅमच्या पुस्तकविक्रेत्याने ठेवला आहे. हा गृहस्थ गरिबीतून वर आलेला, शाळेपेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी अधिक शिकलेला. १७८४ च्या डिसेंबरात तो लंडनला आला, आणि म्यूझियम पाहण्याच्या ओढीने त्याने कोणाकडून तरी जवळजवळ दोन शिलिंग देऊन तिकीट विकत घेतले. जे फुकट मिळावयाचे ते वाट पाहण्याला वेळ नसलेल्याला असे विकत घ्यावे लागे. सुमारे दहा जणांचा घोळका एका वाटाड्याच्या मागे धावू लागला. हटनने काही वस्तूंबद्दल विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की एवढ्या साऱ्या वस्तूंची माहिती सांगत बसणे शक्य नाही, शिवाय पुष्कळांवर नावे लिहिलेली आहेतच. त्यानंतर कोणी तोंड उघडले नाही. बोलायचे ते कुजबुजत. अर्ध्या तासात ही मंडळी बाहेर पडली. एवढ्या वैभवातून आपण भुकेलेच परतलो, ही खंत त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली आहे. ग्रंथपालांची दप्तरे कितीही चाळली तरी त्या वाड्यातला तो अर्धा तास इतका स्पष्ट दिसणार नाही.

१८१० पासून तिकिटाची पद्धत गेली. आठवड्यातून तीन दिवस, नीटनेटक्या वेषातल्या कोणालाही आत घेण्यात येऊ लागले. पण तीन दिवस कोणते? सोमवार, बुधवार, शुक्रवार. आणि सणावारी बंद. म्हणजे ज्या दिवशी श्रमिक मोकळा, नेमके त्या दिवशी म्यूझियम मिटलेले. १८३३ साली विल्यम कॉबेटने पार्लमेंटात हीच गोष्ट परखडपणे मांडली: जिथे धनवानांनीच जायचे त्या जागेचा खर्च दुकानदार व मजूर यांच्या करांतून का व्हावा, ज्यांना हौस आहे त्यांनी आपल्या पदरचे पैसे द्यावेत. १८३५ ते ३६ च्या चौकशी समितीपुढे मुख्य ग्रंथपाल सर हेन्री एलिस यांना विचारण्यात आले, ईस्टरच्या सुट्टीत दार का उघडू नये? त्यांचे म्हणणे असे पडले, की अशा दिवशी गावातला सर्वांत उपद्रवी वर्ग रस्त्यावर असतो, आणि गोदीतले खलाशी व त्यांच्याबरोबरच्या मुली यांच्या गर्दीत वरच्या दर्जाचे लोक यायला कसे धजतील? समितीने हे मानले नाही. १८३७ च्या ईस्टर सोमवारी दार उघडले, आणि एका दिवसात २३ हजारांहून अधिक माणसे आत येऊन गेली. काही मोडले नाही, काही नाहीसे झाले नाही. त्या सोमवारी पेंढा भरलेल्या तीन जिराफांजवळून, माँटेग्यू हाउसच्या रंगविलेल्या जिन्यावरून मुलाला खांद्यावर घेऊन चढणारा एखादा खलाशी मला डोळ्यांपुढे आणता येतो. त्याचे नाव कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही, कारण ती वही तोवर बंद झाली होती.

तरी भय एकाएकी जात नाही. १० एप्रिल १८४८ रोजी केनिंग्टनच्या मैदानावर मजुरांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांची प्रचंड सभा भरणार असे कळताच म्यूझियमच्या नोकरांना शपथ देऊन शिपाई करण्यात आले आणि छतावर दगड नेऊन रचण्यात आले, जमाव चालून आलाच तर वरून टाकण्यासाठी. जमाव आला नाही. तीनच वर्षांनी, हाइड पार्कातल्या महाप्रदर्शनाच्या १८५१ सालात, त्याच दारातून २५ लाखांवर माणसे शांतपणे गेली.

नॅशनल गॅलरीचा झगडा जरा निराळ्या प्रकारचा होता. १८२४ साली अँगरस्टाइन या धनिकाची ३८ चित्रे ५७ हजार पौंडांना घेऊन ती सुरू झाली, आणि १८३८ मध्ये ट्रॅफल्गर चौकात आली. पश्चिमेकडच्या श्रीमंतांना गाडीतून आणि पूर्वेकडच्या गरिबांना पायी, दोघांनाही पोहोचता यावे असे ते मध्यवर्ती ठिकाण. आता तक्रार आली ती चित्रांच्या बाजूने: शहराचा कोळशाचा धूर, लोकांच्या अंगावरची धूळ, श्वासांची वाफ यांनी रंग काळवंडत आहेत. १८५० च्या समितीपुढे गॅलरीचे रक्षक टॉमस यूविन्स यांनी सांगितलेली हकीकत मला फार प्रिय आहे. गावाकडून आलेले एक कुटुंब खुर्च्या ओढून चित्रांसमोर बसले, टोपल्यांतून शिधा काढला आणि जेवू लागले. यूविन्स यांनी हे स्थळ त्यासाठी नव्हे असे सौम्यपणे समजावले, तेव्हा ती मंडळी रागावली तर नाहीतच, उलट त्यांतल्या एका बाईने त्यांच्यापुढे जिनचा पेला धरला. वरिष्ठांना हा पुरावा गॅलरी दूर, केन्सिंग्टनला हलवण्यासाठी पुरेसा वाटला. मला त्यात आलेल्या माणसाला आपल्या पंगतीत बसवून घेणारी एक घरगुती वृत्ती दिसते; आपल्या जत्रेतही पारावर शिदोरी सोडणारी बाई जवळून जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हटल्यावाचून राहत नाही. १८५७ च्या आयोगापुढे न्यायमूर्ती कोलरिज यांनी मत मांडले, की चित्रे टिकणे हे संग्रहाचे अंतिम साध्य नव्हे, लोकांना उन्नत करणारा आनंद मिळणे हे साध्य, आणि चित्रे हे त्याचे साधन. गॅलरी ट्रॅफल्गर चौकातच राहिली.

त्याच १८५७ साली, महाप्रदर्शनाच्या नफ्यातून घेतलेल्या जमिनीवर साउथ केन्सिंग्टन म्यूझियम उघडले. हेच आजचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. त्याचा सूत्रधार हेन्री कोल हा विलक्षण खटपटी माणूस. त्याने ओळखले, की श्रमिकाला दाम नाही हे अर्धेच दुःख. त्याला वेळ नाही हे उरलेले अर्धे. म्हणून त्याने दालनांत गॅसचे दिवे लावले आणि आठवड्यातील काही रात्री दहा वाजेपर्यंत म्यूझियम उघडे ठेवले. दिवसभर राबलेला माणूस बायकामुलांना घेऊन उजेडाच्या उबदार दालनांत आला तर गुत्त्याची वाट सुटेल, अशी त्याची उघड आशा होती. सोमवार, मंगळवार, शनिवार प्रवेश मोफत. उरलेले तीन दिवस विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी राखून इतरांना सहा पेन्स. शिवाय म्यूझियमात उपाहारगृह असावे ही कल्पनाही प्रथम त्यानेच अमलात आणली. कारण लांबून चालत आलेला माणूस उपाशीपोटी कलेपुढे किती वेळ उभा राहणार, हे त्याला कळत होते. ब्रिटिश म्यूझियमने आगीच्या भयाने गॅस कधीच आत घेतला नाही. तिथली दालने सायंकाळी उघडली ती विजेचे दिवे आल्यावर, १८९० मध्ये.

राहिला रविवार. आठवड्यातला तो एकच मोकळा दिवस, आणि धर्माच्या दृष्टीने नेमका तोच निषिद्ध. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल संडे लीगने चाळीस वर्षे अर्जांवर अर्ज केले. दुसऱ्या बाजूने रविवारचे पावित्र्य राखणाऱ्या मंडळींनीही तितकेच अर्ज केले. अखेर १८९६ साली पार्लमेंटात ठराव संमत झाला आणि लंडनची राष्ट्रीय म्यूझियमे रविवारी दुपारी उघडू लागली.

मराठी वाचकाच्या अंतःकरणाशी या दाराचा जो धागा जुळतो तो या पुढच्या काळातला. ब्रिटिश म्यूझियमच्या मध्यभागी १८५७ पासून गोल घुमटाचे वाचनालय होते. घुमटाचा व्यास १४० फूट. तिथे शिफारसपत्र लागे, दाम लागत नसे. १९२० साली भीमराव आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला आले: गाठीला नोकरीतली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज. त्यांच्या चरित्रकारांनी वर्णन केले आहे, की सकाळी पावाचा तुकडा व चहा घेऊन ते निघत, वाचनालय उघडताच आपल्या जागी हजर होत, दुपारच्या जेवणाचे पैसे आणि वेळ दोन्ही वाचवीत, आणि सायंकाळी पहारेकरी उठवील तेव्हाच उठत. रात्री भूक असह्य झाली म्हणजे देशाहून आलेले पापड भाजून खात. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा अर्थशास्त्रीय ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ज्या विद्यार्थ्याला स्वदेशी शाळेत पाण्याच्या माठाला हात लावण्याची मनाई होती, त्याला या दाराने जात विचारली नाही आणि ऐपतही विचारली नाही. स्लोनच्या मळ्यांतला अन्याय ठाऊक असूनही या दारापुढे मी का थांबलो, याचे कारण हे आहे.

आणि त्याच १९२३ साली काटकसरीच्या नावाखाली एका सरकारी विधेयकात ब्रिटिश म्यूझियमला प्रवेशशुल्क घेण्याची मुभा देणारे कलम घालण्यात आले होते. विरोध इतका झाला, की ते कलम वगळावे लागले. पन्नास वर्षांनी मात्र सरकारने तेच केले: १९७४ च्या जानेवारीपासून राष्ट्रीय म्यूझियमांना दहा पेन्सचे तिकीट लागले. रक्कम क्षुल्लक, पण येणाऱ्यांची संख्या एकदम खाली आली. फेब्रुवारीच्या निवडणुकीत सरकार बदलले, आणि तीन महिन्यांतच तिकीट उठले. पुढे अनुदाने आटली तेव्हा प्रत्येक संस्थेने आपापला निर्णय घेतला. नॅचरल हिस्टरी म्यूझियमने १९८७ पासून शुल्क घेतले आणि येणारे जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टने १९८५ मध्ये ‘ऐच्छिक’ देणगी मागायला सुरुवात केली व १९९६ मध्ये ती सक्तीची केली. ब्रिटिश म्यूझियम आणि नॅशनल गॅलरी मात्र तगून राहिल्या.

यातली एक मेख करविषयक होती, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिकीट लावणारी संस्था कायद्याच्या नजरेत व्यवसाय ठरे, आणि दुरुस्ती, बांधकाम, दिवाबत्ती यांवर भरलेला मूल्यवर्धित कर तिला परत मागता येई. फुकट दार ठेवणारी संस्था व्यवसाय नव्हे, म्हणून तिला तो परतावा नाही. म्हणजे औदार्यावर दंड आणि तिकिटाला बक्षीस. २००१ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मोफत प्रवेश देणाऱ्या राष्ट्रीय म्यूझियमांनाही परतावा मंजूर झाला, आणि १ डिसेंबर २००१ पासून उरलेले तिकीट उठले. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये पहिल्याच वर्षी येणारे दुपटीहून अधिक झाले.

आजही अधूनमधून सूचना येते, की निदान परदेशी प्रवाशांकडून तरी पैसे घ्यावेत. खर्च वाढला आहे, हे खरे. इमारती जुन्या आहेत, हेही खरे. तथापि हा प्रश्न भारतीयाला विचारला तर त्याचे उत्तर त्या दालनांतच मांडून ठेवलेले आहे. ब्रिटिश म्यूझियमच्या भिंतीवर अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव पाषाण आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या प्रतिकृती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून वर्षानुवर्षे डोंगरातल्या अंधारात बसून केल्या, त्या साउथ केन्सिंग्टनला धाडल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांपैकी पुष्कळ जळाल्या; उरलेल्या आजही तिथेच जतन केलेल्या आहेत. त्या विद्यार्थ्यांतल्या पेस्तनजी बमनजींसारख्या तरुण चित्रकाराच्या हाताचे काम पाहायला आपल्या माणसाने त्या दारात पैसे मोजावेत, हे मला तरी मान्य होणार नाही.

तिकीट नसल्याने पाहण्याची रीतच पालटते, हे मला तिथे राहिल्यावर कळले. पैसे भरून गेलेला माणूस पैसे वसूल होईतो फिरतो. पाय दुखले तरी दालनामागून दालन उरकतो. फुकट गेलेल्याला एकाच वस्तूपुढे तासभर बसून निघून जाता येते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येता येते. लिंकन्स इन फील्ड्समधल्या सर जॉन सोन यांच्या घरीही, जे १८३३ च्या कायद्याने राष्ट्राच्या हवाली झाले, मी दोनदा गेलो ते एवढ्यासाठीच, की चित्रांच्या त्या लहानशा खोलीतल्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडताना पहिल्या खेपेला माझे लक्ष सेवकाच्या हातांकडे राहिले होते, हॉगार्थच्या चित्रांकडे नव्हते.

व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट अजूनही दर शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडे असते. अशा एका शुक्रवारी, पाऊस चुकवीत, मी टिपू सुलतानाच्या वाघापुढे पोहोचलो. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडले तेव्हा लुटीत सापडलेले हे लाकडी यंत्र: रंगविलेला वाघ, त्याच्या खाली उताणा पडलेला गोरा शिपाई, वाघाच्या कुशीत दडलेली हवेची पेटी, आणि मूठ फिरवली की गुरगुर व किंकाळी. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील संग्रहालयात हा ठेवला होता तेव्हा येणारेजाणारे ही मूठ इतकी फिरवीत, की शेजारच्या ग्रंथालयात वाचणारे त्रस्त होऊन गेले. आता तो काचेआड आहे. दिवसभर कुठेतरी काम करून आलेला एक बाप आपल्या लहान मुलीला उचलून धरीत होता. ती काचेला नाक लावून वाघाचे पट्टे मोजीत होती आणि मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत होती. शेवटी पहारेकऱ्याने दिवे मालवण्याची वेळ झाल्याचे सांगितले. मुलीचे पट्टे मोजून झाले नव्हते. बापाने तिला खाली ठेवले आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा येऊ, म्हणून सांगितले.